भोंग्याचा सूर

“सूर सोडायचा नाही, शरयू. शब्द सुटला तर सुटू दे, टाळ चुकला तर चुकू दे, पदर पडला तर मागून कुणीतरी सावरेल. सूर तेवढा सोडायचा नाही. कळलं का वं?”

जिजी खलबत्त्यात सुंठ कुटत होत्या आणि एकेका घावाबरोबर एकेक वाक्य सांगत होत्या. मी समोर बसून सुकं खोबरं किसत होते. दत्तजयंती आठवड्यावर आली होती आणि जन्मानंतर वाटायचा सुंठवडा दरवर्षी जिजींच्याच स्वयंपाकघरात व्हायचा.

“पण जिजी, मी कुठे गाते?”

“गायला कोण सांगतंय? गायला ती प्रमिला आहे की. तू सूर धर म्हणते मी.”

“म्हणजे नेमकं काय करू?”

“रोज करतेस तेच.”

जिजींच्या तोंडी सूर हा शब्द मिठासारखा होता. सगळ्यात पडायचा. वरण नुसतं उकळत असलं तर म्हणायच्या, अजून सूर लागला नाही त्याला. पिठाच्या गिरणीवाल्या महाजनांकडून भांडणाचा आवाज आला तर, आज त्यांच्यात वरचा सूर लागलाय, कुणी दळणाला जाऊ नका. लग्न होऊन मी भुसावळच्या रेल्वे कॉलनीत आले तेव्हा उन्हानं, कोळशाच्या धुरानं कावून त्यांच्या ओट्यावर जाऊन रडले होते. त्यांनी पाणी दिलं, गूळ दिला आणि म्हणाल्या, “हा सूर माहेरी ठेवून यायचास. इथं दुसरा शोधू.”

खरं नाव द्वारकाबाई भारंबे. यजमान इंजिन ड्रायव्हर. तेव्हा कोळशाची इंजिनं होती, आणि भारंबे ड्रायव्हर ड्यूटीवरून आले की फक्त डोळे आणि दात तेवढे ओळखू यायचे. कॉलनीतल्या दत्तमंदिरात बायकांचं भजनी मंडळ जिजींनीच काढलं. दर गुरुवारी दुपारी आम्ही जमायचो. मंडळाची एक पेटी होती, पण तिचा भाता उंदरांनी खाल्ला. नवी घ्यायची गोष्ट निघाली तेव्हा जिजींनी निकाल दिला होता, “एवढा मोठा भोंगा सरकार रोज फुकट वाजवतं. त्याचा सूर घ्या की! त्याला उंदीर खात नाहीत.”

तेव्हापासून आमचं भजन लोको शेडच्या भोंग्यावर चालायचं. चारला पाळी बदलायची, भोंगा वाजायचा, खिडक्यांची तावदानं थरथरायची, आणि तो विरत असतानाच जिजी त्याच सुरात पहिलं पद उचलायच्या. मागून आम्ही सगळ्या. गावातल्या दुसऱ्या मंडळांना याचं हसू यायचं. आम्हाला नाही.

मला लहानपणापासून काही नेम आहेत. तुळशीला पाणी, देवापाशी दिवा, पोथीचा अध्याय, आणि मग मिटल्या ओठांनी नाम. गुरुवारी नैवेद्य होईपर्यंत मौन. दत्तजयंतीला उपास आणि जन्म होईपर्यंत मौन. नाम घेताना घशात एक बारीक गुणगुण चालू असते, ती कुणाला ऐकू जात नाही असंच मी धरून चालले होते. भजनातसुद्धा मी तेवढंच करायची. तरी जिजी मला आपल्या डाव्या अंगाला, खांद्याला खांदा लागेल अशी बसवायच्या. प्रमिलाताई वाणी गार्डसाहेबांची बायको, आवाज असा की देवळातली घंटा आपोआप हलावी. ती उघड म्हणायची, “आमच्या मंडळात मुक्या बाईला पहिलं आसन असतं बरं का!”

“मुकी नाही ती,” जिजी म्हणायच्या, “जपून वापरते.”

त्या दिवशी सुंठ कुटता कुटता जिजींनी बत्ता थांबवला. दाराकडे पाहिलं. बाहेर कुणी नव्हतं.

“माझे कान दगा देताहेत, शरयू.”

मी किसणी खाली ठेवली.

“माणूस समोर असला की ओठांवरून भागतं. आता तुझ्याशी भागतंय तसं. पण सुराला ओठ नसतात ना. गर्दीत, कर्ण्याच्या गोंगाटात तर सगळं एकच होतं. प्रमिला म्हणते ते खोटं नाही. सूर भरकटतो माझा.”

“डॉक्टरांना दाखवलंत?”

“दाखवलं. ते काय बोलले ते ऐकू आलं नाही.” स्वतःच हसल्या. मग गंभीर झाल्या. “महिनाअखेरीला हे रिटायर. क्वार्टर सोडायचं. पाचोऱ्याला धाकट्या दिराशेजारी दोन खोल्या बांधल्यात. म्हणजे हा पाळणा या देवळातला माझा शेवटचा. मीच रचलेला, इतकी वर्षं मीच म्हटलेला. एवढा नीट व्हावा. मग दत्ताला म्हणेन, घे बाबा तुझी कॉलनी.”

“मी काय करू शकते त्यात?”

“तुझी ती गुणगुण मला खांद्यातून कळते. कानाची गरजच नाही. तू सूर धरून शेजारी बसलीस की झालं. पण एक आहे. भोंगा चारला, जन्म दिवेलागणीला. तेवढा वेळ सूर तोंडात धरून ठेवायचा. जमेल?”

“त्या दिवशी मला मौन असतं, जिजी.”

“मग तर देव पावला! बोलणाऱ्या बाईच्या तोंडात सूर टिकत नाही, शब्द त्याला ढकलून देतात.”

“पण मौनात गुणगुणलं तर नेम मोडेल का?”

जिजींनी खरंच विचार केला. नेमाधर्माची त्या कधी थट्टा करत नसत. “मौनात श्वास घेतेस ना?”

“घेते.”

“मग तो श्वासच आहे. जरा रंगीत. शब्द बंद, सूर चालू. आणि हे प्रमिलाला कळता कामा नये. कळलं तर ती प्रेमानं म्हणेल, जिजी, तुम्ही आता आराम करा. आराम या शब्दाला मी फार भिते.”

भिंतीवर दत्ताची तसबीर होती. तिच्याकडे पाहून मी मान हलवली. जिजींनी पुन्हा बत्ता उचलला.

गुरुवारी भजनानंतर प्रमिलाताईनं जाहीर केलं, “यंदा जन्माला पेटी येणार. गावातले भावसारमास्तर तयार झालेत. कर्णा लागणार, मोठे साहेब येणार, आणि आपण काय भोंग्यावर गायचं?”

“आजवर गायलो ते?” शेवंता कोळी म्हणाली. ती ढोलकी वाजवायची आणि गप्प बसणं तिच्या रक्तात नव्हतं.

“आजवर साहेब आले नव्हते.”

“साहेबाच्या घरचा भोंगा वेगळा वाजतो का वं?”

सगळ्या हसल्या. प्रमिलाताई हसली नाही. जिजींच्या समोर बसून तिनं हात धरला. ती वाईट नव्हती, हे मला आजही सांगावंसं वाटतं. “जिजी, रागावू नका. दिवाळीत शरयू माहेरी होती तेव्हा दोनतीन भजनांना तुमचा सूर सुटला. चारचौघींत ठीक आहे. कर्ण्यावर लोक हसतील आणि ते मला बघवणार नाही. पाळणा मी घेते. तुम्ही बाळाला हळदकुंकू लावा.”

जिजींनी तिच्या ओठांकडे शेवटपर्यंत पाहिलं. मग म्हणाल्या, “पाळणा मीच म्हणणार. पहिली ओळ चुकली तर दुसरी तू उचल. मी गप्प बसेन.”

“शब्द?”

“शब्द.”

असं ठरलं. एका ओळीवर.

दत्तजयंतीच्या दिवशी पहाटे दिवा लावला आणि मी ओठ मिटले. आमचे हे शेडमध्ये फिटर. डबा घेताना शेजाऱ्यांना सांगत होते, “आज आमच्याकडे संप आहे. मागण्या काय आहेत तेही सांगत नाहीत.” मी हसले, तेवढं चालतं.

चार वाजायच्या आधीच मी देवळामागच्या औदुंबरापाशी जाऊन उभी राहिले. हवेत गारठा होता, यार्डातून वाफेचे लोट उठत होते. भोंगा वाजला. मी डोळे मिटले, त्याच्या पोटात शिरले म्हणा ना, आणि तो विरत गेला तसा माझ्या घशात त्याचा धागा शिल्लक राहिला. बारीक, पण पक्का. श्वास संपला की नाकानं श्वास घ्यायचा आणि तिथंच परत जायचं. देवाचं नाम आणि तो सूर दोन्ही एकच झालं होतं.

सगळी कॉलनी तो सूर माझ्याकडून काढून घ्यायला निघाली होती, असं मला त्या दिवशी वाटलं.

आधी कर्णेवाला आला. “हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग” आणि मग एका उडत्या गाण्याची तबकडी लावून दिली. तिचा सूर कुठल्या कुठं. मी दोन्ही कानांवर हात दाबले आणि औदुंबराच्या खोडाला कपाळ टेकलं. शेवंतानं ते पाहिलं.

“काय झालं वं? कान दुखतो?”

मी मान हलवली, नाही.

“दुखतोच आहे. तोंड बघ कसं झालंय. थांब, लसणाचं तेल कोमट करून आणते.”

मी जोरजोरात मान हलवली. ती धावतच गेली आणि आलीसुद्धा. बळेच माझं डोकं मांडीवर घेऊन कानात तेल सोडलं. एक कान बंद झाला. बाहेरचा गोंगाट अर्धा झाला आणि आतला सूर दुप्पट स्पष्ट. दत्त कुणाच्या हातून काय करून घेईल सांगता येत नाही. मी शेवंताचे पाय धरायला वाकले, तर ती म्हणाली, “अगं, असू दे, तेलच तर आहे.”

मंडपात बुवांचं कीर्तन रंगात आलं होतं. अनसूयेच्या दारात तीन पाहुणे येऊन उभे राहिले होते. मी आत शिरले तेव्हा देवापुढं पाळणा टांगला होता, झेंडूच्या माळा सोडलेल्या, आणि त्याला लांबलचक रेशमी दोरी. जिजी माईकसमोर बसल्या होत्या, जरीकाठी हिरवं लुगडं नेसून. मी त्यांच्या डाव्या अंगाला जाऊ लागले, तर तिथं पेटी. पेटीमागे भावसारमास्तर, काळी टोपी, सोनेरी चष्मा.

प्रमिलाताईनं माझ्या हातात दोरी दिली. “तू पाळणा हलव, शरयू. तुझं मौन आहे, तेच बरं.”

मी जिजींच्या शेजारच्या जागेकडे बोट दाखवलं.

“तिथं मास्तर बसलेत. पेटी जिजींच्या कानाशी हवी ना, म्हणजे सूर सुटणार नाही.”

मी परत बोट दाखवलं. मग जिजींकडे, मग माझ्या खांद्याकडे.

“खांदाही दुखतोय हिचा,” शेवंतानं मागून अर्थ सांगितला.

“मग डाव्या हातानं हलव,” प्रमिलाताई म्हणाली आणि साहेबांच्या बायकोला पुढं बसवायला गेली.

मी पाळण्यापाशी बसले. जिजी आणि माझ्यामध्ये बायकांच्या तीन रांगा, आणि सगळ्यांच्या मांडीवर पोरं. जिजींनी मान वळवून डावीकडे पाहिलं. मी नव्हते. त्यांची नजर मंडपभर फिरली आणि माझ्यावर येऊन थांबली. मी दोरी वर करून दाखवली. त्यांनी डोळे मिटले, उघडले. बाकी कुणाला काही कळलं नसतं.

शेडच्या पत्र्यामागे सूर्य टेकला. बुवांनी हात उंचावले, “जन्माला आले हो, दत्तमहाराज जन्माला आले!” फुलं उडाली, घंटा वाजल्या, आणि मास्तरांनी भाता ओढून सूर दिला. “पांढरी पाच, बाई. म्हणा.”

जिजी म्हणू लागल्या. त्यांचाच पाळणा,

“पाहुणे आले तीन, पाट मांडा गं तीन...”

पेटी एकीकडे, जिजी दुसरीकडे. मागच्या बायकांना तर पेटीची सवयच नव्हती. त्यांची पावलं वर्षानुवर्षं भोंग्याच्या वाटेवर पडलेली. त्या तिसरीकडेच निघाल्या. मास्तरांनी गडबडीनं पट्टी बदलली, तसं आणखीच बिघडलं. पोरं खिदळली. साहेबांच्या बायकोनं रुमालात तोंड लपवलं. जिजी ओळीच्या मध्येच थांबल्या. हसणं त्यांना ऐकू आलं नसेल, पण दिसलं. चेहऱ्यावरचा सगळा रंग उतरल्यासारखा झाला.

प्रमिलाताई माईककडे सरकली.

जन्म झाला होता, म्हणजे माझं मौन सुटलं होतं. थांबा, असं ओरडून सांगता आलं असतं. पण तोंड उघडलं असतं तर सूर गेला असता. मी उठले. दोरी हातातून सोडायची नाही, पाळणा थांबला तर अपशकुन. म्हणून दोरीसकट निघाले.

दोरी लांब होती म्हणून बरं. मी रांगांमधून वाट काढत होते आणि ती बायकांच्या डोक्यांवरून ताणली जात होती. कुणाचा अंबाडा अडकला, कुणाच्या कडेवरच्या बाळानं ती मुठीत पकडली. “डोकी वाकवा गं, डोकी वाकवा!” शेवंता ओरडली, आणि वारं सुटल्यावर ज्वारी वाकावी तशी सगळी रांग वाकली. मी एकेक पाऊल टाकत होते, दोरी ओढत होते, सोडत होते, पाळणा मागे झुलत होता. जिजींपाशी पोचले. परक्या पुरुषासमोर मान वर न करणारी मी, गुडघ्यानं चक्क मास्तरांची पेटी सरकवली.

“अहो बाई!” मास्तर म्हणाले.

मी बसले. खांद्याला खांदा लावला. आणि चार वाजल्यापासून जपलेला तो धागा, होता नव्हता तेवढा श्वास घेऊन, सोडला.

जिजींच्या अंगातून काहीतरी सरसरत गेल्याचं मला जाणवलं. त्यांनी डोळे मिटले. एक क्षणभर मंडपात पाळण्याच्या कड्यांची कुरकुर तेवढी ऐकू येत होती. मग त्यांनी तीच ओळ पहिल्यापासून उचलली,

“पाहुणे आले तीन, पाट मांडा गं तीन,
कुशीत घेता झालं एकच बाळ तान्हं.”

सूर असा लागला की मागच्या बायकांचे आवाज न बोलावता आपापल्या जागी येऊन बसले. शेवंताची ढोलकी जागी झाली. मास्तरांनी पांढरी पाच दाबली, मान हलवली. काळी चार दाबली, पुन्हा मान हलवली. एकदा जिजींकडे, एकदा आपल्या पेटीकडे पाहिलं. मग खो खो हसले, भाता मिटला आणि शेजारच्या बाईकडे हात केला, “टाळ द्या हो माझ्याकडे!”

प्रमिलाताई माईकपाशी तोंड उघडून बसली होती, ती तशीच राहिली होती. दुसरी ओळ आली. जिजींनी डोळे न उघडताच हातानं तिला खूण केली, ये. आणि ती आली. तिचा तो भरदार आवाज जिजींच्या आवाजाखाली जाऊन उभा राहिला, जशी मोठी बहीण लहानीला कडेवर घेते. साहेबांची बायको टाळ्या वाजवू लागली. पोरं नाचू लागली. बाहेर यार्डातून जाणाऱ्या कुठल्यातरी इंजिनानं शिट्टी दिली. ती बेसूर होती, पण त्या वेळी तीही गोड वाटली. पाळणा म्हणून झाला तरी कुणी थांबेना, म्हणून तो पुन्हा पहिल्यापासून म्हटला. दोरी मी शेवटपर्यंत सोडली नाही.

शेवटी जिजी माझ्याकडे वळल्या. “लागला का गं?”

पहाटेपासूनचा माझा पहिला शब्द. “लागला, जिजी.”

सुंठवडा वाटून होत आला तेव्हा मास्तर आमच्यापाशी आले. “बाई, तीस वर्षं पेटी वाजवतोय. तुमचा सूर माझ्या पेटीत नाही. पांढरी पाच आणि काळी चार यांच्यामधल्या फटीत कुठेतरी बसलाय. कुठल्या गुरूकडून घेतलात?”

“सरकारी गुरू आहे,” जिजी म्हणाल्या. “उद्या सकाळी आठला शेडपाशी उभे राहा. देईल तुम्हालाही.”

मास्तरांना ते कळलं नाही, पण हात जोडून, सुंठवडा खिशात घालून ते गेले.

आम्ही दोघी देवळाच्या पायरीवर बसलो. जिजी पाळण्याकडे पाहत होत्या. मी त्यांच्या समोर जाऊन म्हटलं, “जिजी, कर्णा होता म्हणून गोंधळ झाला. एरवी तुम्हाला भोंगा तर ऐकू येतो ना, त्यावरून भागेल की.”

“भोंगा?” जिजी म्हणाल्या. “तो गेल्या उन्हाळ्याच्या आधीपासून मला वाजतच नाही.”

“मग दर गुरुवारी चारला तुम्ही बरोबर कशा...”

“तुझा खांदा वाजायचा की! तो थरथरला की मी समजायची, झाले चार. आणि तिथूनच सूर उचलायची.” त्यांनी बोटाला लागलेला सुंठवडा चाटला. “सगळ्यांना वाटतं आपण भोंग्यावर गातो. त्या माझ्यावर गातात आणि मी तुझ्यावर.”

मी हातातला द्रोण नुसता फिरवत राहिले. तेवढ्यात मागून भांडं ठेवल्याचा आवाज झाला. प्रमिलाताई सुंठवड्याचं पातेलं घेऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती खालच्या पायरीवर उतरली, जिजींच्या पुढ्यात बसली आणि ओठ नीट दिसतील अशी बोलली.

“मला सांगायचं होतंत, जिजी.”

“सांगितलं असतं तर पाळणा तू घेतला असतास.”

प्रमिलाताईनं जरा विचार केला. “घेतला असता. आणि त्या पेटीबरोबर माझंही नाक कापलं गेलं असतं, सगळ्यांदेखत, कर्ण्यावर.”

तिघी हसलो. जिजी तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग प्रमिलाताई माझ्याकडे वळली, “आणि तू? निदान खुणेनं सांगायचंस!”

“सांगितलं की. तुम्ही म्हणालात डाव्या हातानं हलव.”

“अगं बाई, ही तर बोलते!” असं म्हणून तिनं पातेल्यातला उरलेला सगळा सुंठवडा माझ्या पदरात ओतला.

मंडपातले दिवे उतरवायला लागले होते. जिजी पुन्हा पाळण्याकडे पाहू लागल्या. स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, “पाचोऱ्याला दत्ताचं देऊळ आहे घरासमोरच. म्हणतील लोक, बाई, म्हणा काहीतरी. भोंगा तिथं नाही, त्याचं काही नाही. खांदाही नाही.”

“मी येईन,” मी म्हटलं. “दर गुरुवारी.”

माझा आवाज मुळात लहान. आणि जिजींचं तोंड दुसरीकडे होतं.

“त्यांनी ऐकलं नाही,” प्रमिलाताई कुजबुजली. “पुन्हा सांग.”

“नको. देवाच्या पायरीवर बोलले, तेवढं पुरे.”

“आणि आपलं चारचं भजन?”

“सकाळी जाईन. दुपारच्या गाडीनं चारच्या आत परत.”

प्रमिलाताईनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “बरं. मग इथं तुझ्या उजव्या अंगाला मी बसणार. आजच सांगून ठेवते, शेवंताच्या आधी.”

महिना संपला. भारंबे ड्रायव्हरांना शेडमध्ये हार घातले, त्यांच्या शेवटच्या इंजिनाला केळीचे खांब बांधले. जिजींचं सामान गाडीत चढलं, फक्त तो खलबत्ता माझ्यासाठी मागे राहिला. कॉलनी आठवडाभर आळणी वाटली.

पौषातला पहिला गुरुवार आला. पहाटे तुळशीला पाणी घातलं, दिवा लावला, अध्याय वाचला, ओठ मिटले. पिशवीत शेंगदाण्याचे लाडू आणि दत्ताचा अंगारा ठेवला. जिजींना काही कळवलं नव्हतं. यांनी शाल माझ्या खांद्यावर टाकली आणि फाटकापर्यंत आले.

“पॅसेंजरला गर्दी नसते,” हे म्हणाले. “खिडकीपाशी बस. आणि वाटेत सांडू नकोस.”

काय घेऊन चाललेय, ते त्यांनी विचारलं नव्हतं, मीही सांगितलं नव्हतं. प्रमिलाताई तिच्या ओट्यावर उभी होती, बहुतेक तिनंच सांगितलं असणार. मी दोघांना हात जोडले आणि फाटकाशी थांबून राहिले.

आठचा भोंगा वाजला. तो विरण्याच्या आत मी त्याचा धागा उचलून घेतला, शाल कानांवरून घट्ट ओढली आणि स्टेशनच्या रस्त्याला लागले.